दोनशे मीटर खोल, कर्वे पुतळ्यापर्यंत

परवा डेक्कनला बसमध्ये चढलो आणि कर्वे पुतळ्याला उतरलो, तो एका अनोळखी काकांना जोडलेल्या अवस्थेत. माझा स्टॉप नळस्टॉप. चूक माझ्या घड्याळाची होती. काकांच्या मते माझी.

घड्याळ डायव्हर आहे, म्हणजे समुद्रात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांचं. 200 मीटर खोल पाण्यात चालतं. जाडी 14 मिलिमीटर, स्टीलच्या पट्ट्यासकट वजन 190 ग्रॅम. पनीरचं पाकीट 200 ग्रॅमचं येतं, त्यात आमच्या घरी चौघं जेवतात. तेवढा ऐवज मी डाव्या मनगटावर घेऊन हिंडतो.

तर बसने ब्रेक मारला, दांडीवरचा माझा हात घसरला आणि घड्याळाची दातेरी कड शेजारच्या काकांच्या स्वेटरमध्ये अडकली. मी हात ओढणार तोच काका गरजले, "ओढू नका! हिने विणलाय."

"सॉरी काका. एक मिनिट."

"काय आहे ते?"

"घड्याळ."

"ते दिसतंय. त्यावर हे चक्र कसलं?"

"बेझल. पाण्यात उतरताना फिरवून ठेवायची, म्हणजे खाली किती वेळ झाला ते कळतं."

"मग फिरवा की उलटी. लोकर सुटेल."

इथेच सगळी गोम होती. डायव्हरची बेझल एकाच दिशेला फिरते, आणि त्या दिशेला फिरवली की लोकर आणखी गुंडाळली जात होती. एक टिकटिक, एक टाका. मी भर कर्वे रोडवर काकांना समजावून सांगितलं, की बेझल चुकून धक्क्याने फिरलीच तर पाण्याखालच्या माणसाला वेळ जास्त झाल्यासारखं वाटतं, तो लवकर वर येतो. उलटी फिरली तर वेळ कमी दिसणार, तो खालीच रेंगाळणार, हवा संपणार आणि जीव जाणार.

"म्हणजे तुमचा जीव वाचावा म्हणून माझा स्वेटर उसवायचा."

"माझा नाही हो. पाणबुड्याचा."

"तुम्ही पाणबुडे?"

"नाही."

"पोहता तरी?"

मी गप्प. काकांनी ती शांतता बसभर वाटली. "पोहता येत नाही म्हणे!"

"मग बुडताना वेळ बघायला असेल," खिडकीशी बसलेल्या बाई म्हणाल्या. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"बरं, किती वाजले?" काकांनी विचारलं.

सकाळचे साडेनऊ झाले होते. घड्याळात सव्वातीन. शनिवार-रविवार हात दुखतो म्हणून घातलंच नव्हतं, ऑटोमॅटिक, म्हणजे हात हलला तरच चावी बसणारं असल्याने ते बंद पडलं, आणि सकाळच्या घाईत वेळ लावायची राहिली. हे सगळं मी काकांना सांगितलं नाही. "सव्वातीन" एवढंच म्हणालो.

काकांनी दुसऱ्या हाताने स्वेटरची बाही मागे सारली. आत एचएमटी जनता. भाकरीसारखं चपटं, बाहीखाली आहे की नाही कळूही नये असं. "रोज सकाळी चहाच्या आधी चावी देतो. बास."

मला या जाडीची कारणं ठाऊक आहेत, म्हणून तर जास्त चिडचिड होते. पाण्यात दर दहा मीटरला हवेच्या एका दाबाची भर पडते, म्हणून काच जाड, मागचं झाकण जाड, त्यावर फिरती बेझल, आत हाताच्या हालचालीने गरगरणारा वजनदार रोटर. थरावर थर, दहीहंडीच. 1953 साली ब्लांपाँ या स्विस कंपनीने काढलेल्या घड्याळाचं नावच 'फिफ्टी फॅदम्स', आपल्या कोळ्यांच्या भाषेत पन्नास वाव. म्हणजे जेमतेम 91 मीटर. तेवढ्यावर भागत होतं की! 2022 मध्ये रोलेक्सने 11,000 मीटरचं काढलं. व्यास 50 मिलिमीटर, जाडी 23, नुसती काच साडेनऊ. एवढ्या खोल माणूस पाणबुडीतूनच जातो, आणि पाणबुडीच्या भिंतीवर दुसरं घड्याळ असणारच ना? रोलेक्सचं ते निदान टायटॅनियमचं आहे. माझं स्टीलचं.

आणि ते परीक्षणवाले! "घातल्यावर लहान वाटतं" असं प्रत्येक जण सांगतो. कुणाला वाटतं? व्हिडिओतल्या प्रत्येकाचं मनगट माझ्या पोटरीएवढं. माझं सव्वासहा इंच. व्यास सगळे सांगतात, पण पट्टा जिथे जोडतात त्या दोन शिंगांमधलं अंतर कुणी सांगत नाही. ती शिंगं माझ्या मनगटाच्या दोन्ही बाजूंनी पागोळ्यांच्या पत्र्यासारखी बाहेर येतात. पट्टा सैल ठेवला तर डोकं जड म्हणून घड्याळ गडगडत मनगटाच्या आतल्या बाजूला जातं. आवळला तर उन्हाळ्यात दुपारी हात सुजतो आणि कड्यांचे वळ उठतात. हात टेकून खुर्चीतून उठलो की चावी तळहाताच्या मागे रुतते. तिथे आता देवीच्या लसीसारखा व्रण आहे. शर्टाच्या कफाचं बटण मी वर्षभरात लावलेलं नाही. बायकोला वाटतं मी स्टाइल मारतो.

नळस्टॉप मागे गेला. कंडक्टर कात्री आणायला निघाला तेव्हा काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो तिकिटांकडे वळला. शेवटी मी पट्टा उघडून घड्याळ हातातून काढलं, तर ते काकांच्या कोपराला लोंबकळलं आणि त्या वजनाने बाही वीतभर ओघळली. "धरा ते! धरा!" मग मी ते तळहातावर झेललं, आरतीचं तबक धरावं तसं, आणि आम्ही त्याच अवस्थेत उतरून, रस्ता ओलांडून, दोन जिने चढून काकांच्या घरी गेलो.

काकूंनी क्रोशाच्या सुईने दोन मिनिटांत लोकर सोडवली. मग घड्याळ हातावर तोललं, एकदा माझ्या मनगटाकडे पाहिलं.

"अगोबाई, केवढं हे जड! डॉक्टरांनी घालायला सांगितलंय का?"

मी हो म्हटलं.