मासळीबाजाराची पदवी

परवा फॅमिली ग्रुपवर आमच्या अण्णाने (मावसभाऊ, पुणे) पुन्हा तीच टेप लावली : आमदारकीला पदवीची अट हवी. हरियाणाने 2015 मध्ये पंचायतीला शिक्षणाची अट घातलीच, सुप्रीम कोर्टानेही उचलून धरली. खाली अठरा अंगठे. जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरला पाथ ट्रेनमध्ये उभ्याउभ्या वाचलं आणि डोकं फिरलं.

ऑफिसला जाताना मी रोज न्यूयॉर्कमधल्या ब्राउन बिल्डिंगवरून जातो. 25 मार्च 1911 ला तिथल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली. नवव्या मजल्यावर एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं. 146 जीव गेले, बहुतेक शिवणकाम करणाऱ्या पोरी. भिंतीवरच्या पोलादी पट्टीत त्यांची नावं कोरलीत. त्यानंतर न्यूयॉर्क राज्याने चौकशी आयोग नेमला, त्याचा उपाध्यक्ष ऑल्बनीतला (राज्याच्या राजधानीतला) एक आमदार होता, अल स्मिथ. बाप गेल्यावर चौदाव्या वर्षी शाळा सुटलेली, मग फुल्टनच्या मासळीबाजारात नोकरी. 1904 मध्ये विधानसभेत पोचला तेव्हा विधेयकांतलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून रात्र रात्र तीच वाचत बसायचा. बाकीचे आपापल्या विद्यापीठांच्या पदव्या मिरवू लागले की म्हणे, मी एफएफएम. म्हणजे फुल्टन फिश मार्केट.

कामगारांसाठी झटणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्सबाईंनी त्याला राज्यातल्याच ऑबर्न गावाला नेलं आणि दोरखंडाच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून बाहेर पडणाऱ्या बायका दाखवल्या. कामगारांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यायच्या कायद्यातून कॅनरीवाले (डबाबंद खाद्यपदार्थांचे कारखानदार) सूट मागू लागले, तेव्हा याने सुनावलं की बायबलमधली विश्रांतीच्या दिवसाची आज्ञा मी नीट वाचली, 'कॅनऱ्या सोडून' असं तिच्यात कुठे दिसलं नाही. 1913 मध्ये तो विधानसभेचा अध्यक्ष झाला, पुढे गव्हर्नर.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. टॅमनी हॉलच्या, म्हणजे न्यूयॉर्क शहरातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या, बदनाम टोळीनेच त्याला तिकीट दिलं होतं, तेवढं गाळलं. अण्णाला कशाला आयतं कोलीत द्या!

अण्णाचं उत्तर आलं : "तुमच्याकडे चालतं रे. आमच्याकडचे आमदार बघ."

तुमच्याकडे! मग मीही वसंतदादा काढले. कॉलेजची पायरी न चढलेला मुख्यमंत्री. त्यांनीच 1983 मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. माझी पदवी तसल्याच कॉलेजची. तिच्यासाठी आईच्या पाटल्या गेल्या, आणि तिच्याच जोरावर मी इथे येऊन मासळीबाजाराच्या पदवीचं कौतुक सांगतोय. हेही ग्रुपवर लिहिलं नाही.

अण्णाने शेवटी विचारलं, तू शेवटचं मत कधी दिलंस?

2009. इथे ग्रीन कार्डाच्या रांगेत बारावं वर्ष, म्हणजे मताचा प्रश्नच नाही. रविवारी आईला फोन केला, तर म्हणाली, बूथवरच्या यादीत तुझं नाव आहे अजून, बाबांच्या खाली. बाबांचंही कुणी काढलेलं नाही.