साइटवर न जाता बांधकाम क्षेत्रात क्रांती कशी करावी

इंजिनिअरसाहेब, सर्वप्रथम अभिनंदन. बांधकाम क्षेत्र आधुनिक करायचं तुम्ही मनावर घेतलंत. हे काम अवघड असतं अशी अफवा साइटवरचे लोक पसरवतात, तिकडे लक्ष देऊ नका. दिवसभर उन्हात आणि सिमेंटच्या धुळीत उभं राहून त्यांचा स्वभाव कडवट झालेला असतो. क्रांतीला एसी हॉल, प्रोजेक्टर, पाठीमागे फ्लेक्स आणि अकराच्या चहाची सोय एवढं पुरतं.

मुहूर्त १५ सप्टेंबरचा धरावा. विश्वेश्वरय्यांची जयंती, अभियंता दिन. फोटोला हार घालून झाल्यावर त्यांच्याविषयी दोन वाक्यं बोलावी लागतात, ती पाठ करून ठेवा: पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, शिकले; १९०३ साली खडकवासल्याच्या सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. एवढ्यावर थांबा. ते दरवाजे कशासाठी, हे सांगायला गेलात की पंचाईत होते. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवायचं होतं. पूर चढला की दरवाजे आपोआप उघडायचे, ओसरला की मिटायचे. असलं काही सुचायला माणूस भर पावसात सांडव्यापाशी उभा राहिलेला असावा लागतो. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणी विचारलं, "साहेब, आपण शेवटचे साइटवर कधी गेला होतात?" तर समारंभाला गालबोट लागेल.

आता भाषेकडे वळू. डिजिटल ट्विन (म्हणजे इमारतीची संगणकातली जुळी प्रतिकृती), एआय, ऑटोमेशन, इकोसिस्टीम हे शब्द कोणत्याही क्रमाने लावले तरी वाक्य तयार होतं. थ्रीडी प्रिंटिंगची एक स्लाइड हवीच. बंगळुरूचं पोस्ट ऑफिस टाका: १,०२१ चौरस फूट, आयआयटी मद्रासचं मार्गदर्शन, ऑगस्ट २०२३ मध्ये उद्घाटन. सभागृहात टाळ्या पडतात. फक्त त्या यंत्राचा एक दुर्गुण लपवून ठेवा. त्याला पातळ माल, म्हणजे पातळ काँक्रीट, चालत नाही. पाणी जरा जास्त झालं की छापलेला थर खचतो, कमी झालं की नळी तुंबते. यंत्र मुकादमाचं ऐकत नाही आणि दिवाळीला बोनस मागत नाही म्हणून ते आपल्याला आवडलं होतं. ते इंजिनिअरचंही ऐकत नाही हे नंतर कळतं.

बिम मॉडेल, म्हणजे पाइप-बीमसकट इमारतीचं संगणकातलं थ्रीडी मॉडेल, मात्र निर्धोक आहे, ते जरूर करून घ्या. मॉडेलमध्ये ड्रेनेजचा पाइप बीमला आपटला की लाल ठिपका येतो, मीटिंग होते, मिनिट्स निघतात. साइटवर आपटला की प्लंबर ब्रेकर घेऊन येतो. दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी सुखाने नांदतात, कारण त्यांची गाठ पडत नाही. हेड ऑफिसच्या स्क्रीनवर ड्रॉइंगची सातवी सुधारित आवृत्ती, आर-७, असते आणि सळ्या वाकवणाऱ्या बारबेंडरच्या खिशात चार घड्या घातलेलं, चहाचा डाग पडलेलं आर-३. इमारत कोणत्या ड्रॉइंगप्रमाणे उभी राहते हे तुम्हाला ठाऊक आहेच. तरी ड्रोन उडवा. वरून कॉलमच्या सळ्यांभोवतीच्या सगळ्या रिंगा सारख्या दिसतात.

टेंडरबद्दल चकार शब्द काढू नका. सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम मिळतं आणि डीएसआरमध्ये, म्हणजे सरकारी दरसूचीत, ज्या पद्धतीचा आयटम नाही तिचं बिल काढताना घाम फुटतो, हे सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत असतं. घरचं दुखणं चारचौघांत कशाला?

आणि आपला व्यावसायिक समाज! एकट्याने आधुनिकीकरण होत नाही, त्याला बंधुभाव लागतो. पहिली पायरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तिथे सकाळी सुविचार, दुपारी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आणि दर पंधरवड्याला "आयएस ४५६ ची पीडीएफ आहे का कुणाकडे?" हा प्रश्न. आयएस ४५६ म्हणजे काँक्रीट बांधकामाचं मूळ भारतीय मानक. पंचवीस वर्षं प्रॅक्टिस केलेली माणसंही हा प्रश्न विचारतात, त्यावरून पंचवीस वर्षं कशी गेली असतील याचा हिशेब मांडत बसू नका. दुसरी पायरी सेमिनार. प्रायोजक अ‍ॅडमिक्श्चर, म्हणजे काँक्रीटमध्ये मिसळायची रसायनं, विकणारी कंपनी, त्यामुळे काँक्रीटच्या सर्व रोगांवर एकच औषध निघतं आणि त्याचा स्टॉल दाराशीच असतो. प्रश्नोत्तरांचा तास ठेवा, पण जेवणाच्या आधीचा. पनीरचा वास हॉलमध्ये आला की शंका आपोआप मिटतात. मग शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. सत्कार करणाऱ्याचा पुढच्या वर्षी सत्कार होतो, असा हा बिनव्याजी व्यवहार आहे.

या समाजाचा एकच नियम कडक पाळायचा: आळीमिळी गुपचिळी. झालेलं काम सांगावं, बिघडलेलं सांगू नये. तडा कुठे गेला, का गेला, आपण काय तपासायला विसरलो, हे एकमेकांना सांगायची प्रथा पडली तर पुढचा माणूस तीच चूक करणार नाही, आणि मग दुरुस्तीच्या कन्सल्टंटांनी खायचं काय?

फार मोठी गोष्ट असेल तर ती लपवता येत नाही, हे खरं. अंधेरीचा नवा गोखले पूल फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्धा खुला झाला तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याच्या जवळपास दीड मीटर खाली राहिला होता. रेल्वेच्या नव्या निकषांनी गोखले उंच झाला. बर्फीवालाला कुणी कळवलं नसावं. साऱ्या मुंबईने मीम काढले. पुढे व्हीजेटीआय या मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या तज्ज्ञांचा सल्ला घेऊन जॅक लावून जुना पूल उचलला आणि जुलैत दोन्ही जोडले. आता यातलं कोणतं तंत्र शिकण्यासारखं आहे? उभा पूल अलगद उचलणं हे नाजूक आणि कौतुकाचं काम आहे, त्यावर पेपर लिहा. दोन ड्रॉइंग एका टेबलावर ठेवून लेव्हल वाचणं हे तंत्र फारच जुनं, त्याला पुरस्कार मिळत नाही.

तरीही एखाद्या दिवशी नाइलाजाने स्लॅबला हजर राहावं लागेल, त्याची तयारी सांगून ठेवतो. सकाळी आठचा स्लॅब अकराला सुरू होतो, कारण सेंट्रिंगवाल्याचे टेकू अजून लागत असतात. संध्याकाळी सातच्या सुमारास रेडीमिक्सची, म्हणजे प्लँटवर कालवलेल्या काँक्रीटची, शेवटून दुसरी गाडी गेटात शिरते. प्लँटवरून ती साडेचारला निघाली होती, वाटेत हायवे. रेडीमिक्सचं मानक आयएस ४९२६ म्हणतं, माल भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हावी. जास्त वेळ हवा असेल तर काँक्रीट उशिरा घट्ट करणाऱ्या रसायनाची, रिटार्डरची, सोय आधी करावी. चलनावर वेळ लिहिलेली असते. चलन वाचू नका, डोळ्यांवर ताण येतो. माल घट्ट आलेला असतो. पंपवाला हात वर करतो, "साहेब, पाइप जाम होईल." मुकादम तुमच्याकडे बघतो. तुम्ही मोबाइलकडे बघा. ड्रायव्हरने पाण्याचा पाइप मागच्या हॉपरमध्ये आधीच सोडलेला असतो, तुमची परवानगी हा निव्वळ शिष्टाचार. दोन मिनिटांत माल ताकासारखा वाहू लागतो, व्हायब्रेटरवाल्याचं काम हलकं होतं, वर फ्लोटरवाला खूश, खाली पंपवाला खूश. बांधकाम क्षेत्रात इतकं एकमत दुसऱ्या कशावर होत नाही.

किती पाणी गेलं? एक ड्रम धरू, २०० लिटर. गाडी सहा घनमीटरची. घनमीटरला ३४० किलो सिमेंट आणि १६० लिटर पाणी असं मिक्स डिझाइन असेल तर पाणी-सिमेंट प्रमाण ०.४७ येतं. ड्रम ओतल्यावर ते ०.५७ च्या घरात जातं. मध्यम हवामानातल्या आरसीसीला आयएस ४५६ ने घातलेली मर्यादा ०.५०. पाणी वाढलं की काँक्रीटची ताकद उतरते, हे डफ एब्रम्सने शिकागोत प्रयोग करून १९१८ साली मांडलं. शंभरच वर्षं झाली आहेत. नवं तंत्रज्ञान आपल्याकडे झिरपायला वेळ लागतो. गाडीबरोबर प्लास्टिसायझर या रसायनाचा कॅन पाठवून साइटवर मोजून डोस देता येतो, पाणी न वाढवता माल वाहता होतो. पण त्याचे पैसे पडतात आणि बोअरवेल फुकट आहे.

क्यूबची, म्हणजे ताकद तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची, काळजी नको. दीडशे मिलिमीटरचे ते साचे भरण्याची कला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पाटीभर माल गाडीत पाणी सोडायच्या आधी बाजूला काढायचा, त्यात दोन मुठी सिमेंट जादा, निवांत ठोसून भरायचा. अठ्ठावीस दिवसांनी लॅबचा रिपोर्ट येतो: एम-२५ च्या, म्हणजे २५ ची ताकद मागणाऱ्या, कामाला ३८. सगळेच्या सगळे ३८ च्या आसपास. स्लॅबमध्ये नसलेला एकसारखेपणा क्यूबमध्ये पुरेपूर उतरतो. हा आलेख सेमिनारला दाखवा. खाली बसलेल्या सगळ्यांना तो कसा तयार होतो हे माहीत असतं आणि सगळेच माना डोलावतात. यालाच मी मघाशी बंधुभाव म्हणालो.

स्लॅब झाल्यावर पाणी मारायचं असतं. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग असेल तर दहा. पहिल्या दिवशी वाफे बांधून, पाणी भरून फोटो काढा, ग्रुपवर टाका. दुसऱ्या दिवसापासून ते वॉचमनच्या बायकोवर सोपवा, तिला त्याचे वेगळे पैसे देऊ नका. तिसऱ्या दिवशी टँकर येत नाही. पाणी जिथे नको तिथे ड्रमभर गेलं आणि हवं तिथे वाफे कोरडे, यात विसंगती शोधणारे लोक निराशावादी असतात.

रिंगांच्या हुकाचंही तसंच. भूकंपासाठीचं मानक आयएस १३९२० सांगतं की कॉलमच्या रिंगेचं टोक १३५ अंशांत आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवा. कारण हादऱ्यात बाहेरचं कव्हर निखळलं की ९० अंशांचा हुक उघडतो, उभ्या सळ्या बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. हे मानक निघालं १९९३ साली. किल्लारी त्याच वर्षीच्या ३० सप्टेंबरची. अभियंता दिनाचा फ्लेक्स तोवर उतरवलेला असतो. साइटवर ९० चा हुक चालतो, कारण १३५ ची रिंग सळ्यांवरून सरकवताना त्रास होतो आणि बारबेंडरला पैसे किलोवर मिळतात, अंशावर नाही. त्याच्या मजुरीत अंशाचे चार पैसे घालावेत अशी सूचना तुमच्या मनात आली असेल तर ती तिथेच ठेवा. तिला इनोव्हेशन म्हणत नाहीत.

जुन्या लोकांचा आदर्शही फार डोळ्यांसमोर ठेवू नका. पुण्यात चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री सुमारे ६०० किलो स्फोटकं लावून उडवला. गाव जागं राहून बघत होतं. धुरळा बसला आणि पूल बराचसा तिथेच! काँक्रीट निखळलं होतं, सळयांचा सांगाडा उभा. अंदाजापेक्षा जास्त लोखंड निघालं. उरलेलं पोकलेनने तोडावं लागलं. ज्यांनी तो बांधला त्यांच्याकडे डिजिटल ट्विन नव्हता, नाही तर इतकी उधळपट्टी झाली नसती.

हे सगळं नीट पाळलंत तर अडचण येऊ नये. एकच धोका उरतो. नुकतीच पास झालेली एखादी ज्युनिअर इंजिनिअर रात्रीच्या स्लॅबला स्लंप कोन, म्हणजे माल किती पातळ आहे ते मोजायचा शंकू, घेऊन गाडीमागे उभी राहते. माल भरते, प्रत्येक थराला २५ ठोसे देते, कोन सरळ वर उचलते, पट्टी लावते, चलनावरची वेळ वाचते आणि म्हणते, "ही गाडी परत जाईल." मुकादम समजावतो, "मॅडम, आजवर असंच चालत आलंय." ड्रायव्हर प्लँटला फोन लावतो, प्लँटवाला मालकाला. ती सही करत नाही. गाडी खरोखर परत जाते. स्लॅब कुठे थांबवायचा तेही तिने आधीच ठरवलेलं असतं, स्पॅनच्या मधल्या तिसऱ्या भागात, आणि तिथे फळी लावून घेते.

अशा मुलीला रागावू नका, रागावलं की गोष्ट बाहेर फुटते. बदलीही नको, दुसऱ्या साइटवरही गाड्या येतातच. तिला बढती द्या. हेड ऑफिसला इनोव्हेशन सेल काढा, काचेची केबिन द्या, कार्डावर 'मॅनेजर, क्वालिटी ट्रान्सफॉर्मेशन' छापा. पुढच्या सेमिनारला भाषणही तिचंच ठेवा, विषय तिला हवा तो निवडू द्या; वेळ जेवणानंतरची, शेवटची, दहा मिनिटं. स्लंप कोन मात्र जाण्याआधी स्टोअरला जमा करून घ्या, आणि पावतीवर तिची सही घ्यायला विसरू नका.