मानधनावरच्या नेमणुका, कोर्ट आणि आपली पोरं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेत राग आहे आणि त्याला कारणही आहे. म्हणून चार ओळींत न आटपता सविस्तर लिहितो.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळांत जाहिरात न काढता स्थानिक डीएड (शिक्षकाची पदविका) झालेल्या उमेदवारांना मानधनावर घ्यायचं आणि ‘पुढे कायम करू’ असं तोंडी सांगत राहायचं, ही त्या मुलांची फसवणूक आहे, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, “तुमका कलमां म्हायती, आमच्या पोरांची पोटां नाय.” तुमची बहीण कोकण किनाऱ्याकडच्या एका वाडीतल्या शाळेत मानधनावर शिकवत होती. नियमित शिक्षक हजर झाला आणि तिला घरी पाठवलं. माझ्यासारखे लोक कोर्टाची भीती घालतात म्हणून प्रशासनाला कायम न करायला आयतं निमित्त मिळतं, असा तुमचा आरोप आहे. शिवाय स्थानिकांनाच प्राधान्य द्या, आणि कोर्टात जाणारे भरती अडवतात, हेही तुम्ही म्हटलं आहे.

प्रतिक्रियेसोबत तुम्ही तिच्या नेमणुकीच्या आदेशाचा फोटो जोडलात, त्यावरूनच सुरुवात करतो. संदर्भात शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आहे, ग्रामपंचायतीचं पत्र आहे. जाहिरातीचा क्रमांक नाही, गुणवत्ता यादी नाही, पद मंजूर आहे का याचा उल्लेख नाही. खाली ‘निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात’ आणि ‘नियमित शिक्षक हजर होताच सेवा आपोआप संपुष्टात येईल’ अशा अटी आहेत. शेवटी कायम होण्याचा हक्क सांगणार नाही असं हमीपत्र, त्यावर तिची सही. उद्या प्रकरण कोर्टात गेलं की न्यायाधीश पहिल्यांदा हाच कागद पाहणार. तिनं किती मुलांना वाचायला शिकवलं, पावसात व्हाळ ओलांडून ती शाळेत कशी पोचायची, हे त्यात कुठेच नाही.

आता निकाल काय सांगतात ते बघा. कर्नाटक सरकार विरुद्ध उमादेवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं 10 एप्रिल 2006 रोजी निकाल दिला. खुली स्पर्धा टाळून तात्पुरत्या घेतलेल्या माणसाला केवळ बरीच वर्षं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही, कारण बाहेर थांबलेल्या इतर पात्र उमेदवारांचीही समान संधी त्यात बुडते. मात्र त्याच निकालात एक वाट ठेवली होती. पद मंजूर आणि रिक्त होतं, माणूस पात्र होता, आणि कोर्टाच्या स्थगितीच्या आधाराशिवाय त्यानं दहा वर्षं किंवा जास्त काम केलं, तर एकदाच खास बाब म्हणून त्याला नियमित करावं. ती वाट तेव्हा सेवेत असलेल्यांसाठी होती. परवा लागलेल्या मुलीला त्या वाटेचा भरवसा देणं मला पटत नाही, तुम्ही माझ्यावर रागावलात तरी.

तुमचा राग खरा कुठे लागू पडतो तेही सांगतो. उमादेवीचा निकाल ढालीसारखा पुढे धरून सरकारी कार्यालयांनी वर्षानुवर्षं कायम स्वरूपाचं काम तात्पुरत्या माणसांकडून करून घेतलं. डिसेंबर 2024 मध्ये ‘जग्गो’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं यावरच बोट ठेवलं. केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात वर्षानुवर्षं झाडलोट करणाऱ्या बायकांना 2018 मध्ये काढून टाकलं होतं. न्यायालयानं त्यांना परत घेऊन नियमित करायला सांगितलं. काम रोजचं आणि कायमचं आहे, मग कागदावर ‘अंशकालीन’ (अर्धवेळ) लिहून सुटता येणार नाही, असा त्याचा सूर आहे. तुमच्या बहिणीच्या बाजूनं काही असेल तर ते इथे आहे. पण त्या बायकांची सेवा दीर्घ आणि अखंड होती. आपल्याकडे शैक्षणिक वर्ष संपलं की आदेश संपतो, जूनमध्ये नवा निघतो, आणि मधल्या खंडामुळे सेवा कधी सलग होतच नाही. मी ज्याला फसवणूक म्हणतो ती ही. 2023 मध्ये सेवानिवृत्त शिक्षकांना 20,000 रुपये मानधनावर परत बोलावलं गेलं, तेव्हा डीएड झालेली आपली पोरं घरीच होती. पैसे होते, शाळा होत्या, पात्र मुलंही होती. नियमित भरती तेवढी नव्हती. जाब त्याचा विचारायला हवा.

स्थानिकांच्या प्राधान्याबद्दल. बाहेरच्या जिल्ह्यातले शिक्षक इथे रुजू होतात, आंतरजिल्हा बदली मिळाली की निघून जातात, आणि वाडीतली शाळा पुन्हा रिकामी होते. यात तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. पण जिल्ह्याच्या रहिवाशाला जादा गुण द्या ही मागणी टिकणार नाही. राजस्थानात जिल्हा परिषदेच्या शिक्षक भरतीत जिल्ह्यातल्या उमेदवाराला 10 आणि ग्रामीण भागातल्याला 5 जादा गुण दिले होते. 2002 मध्ये कैलाशचंद शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवले. रहिवासाची अट घालण्याचा अधिकार घटनेनं फक्त संसदेला दिला आहे. म्हणून मागणी बदला, असं मी कळकळीनं सांगतोय. बदलीवर कडक बंधन घाला, पर्यायी शिक्षक हजर झाल्याशिवाय कुणाला कार्यमुक्त करू नका, अवघड, म्हणजे दुर्गम, क्षेत्रातल्या शाळांच्या जागा आधी भरा. या सेवेच्या अटी आहेत आणि सरकारच्या हातात आहेत. माणूस कुठल्या गावचा, हा प्रश्नच त्यात येत नाही.

कोर्टात जाणारे भरती अडवतात यावर एकच उदाहरण देतो. पश्चिम बंगालमध्ये शाळा भरतीतल्या 25,000 हून अधिक नेमणुका घोटाळ्यामुळे एप्रिल 2025 मध्ये रद्द झाल्या. त्यात प्रामाणिकपणे पास झालेलेही गेले, कारण उत्तरपत्रिका नष्ट केल्यामुळे खरे आणि खोटे वेगळे काढता येईनात. तिथे घात आधीच झाला होता, याचिका नंतर आली.

आता बहिणीसाठी. 18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. मुंबईच्या खेपा वाचल्या, घाट चढून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पण वकिलाकडे जाण्याआधी कागद गोळा करा. सगळे आदेश, हजेरीपत्रकाच्या प्रती, मानधन जमा झालेलं बँक पासबुक. आणि 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात दोन गोष्टी विचारा: त्या शाळेत त्या काळात मंजूर पदं किती होती आणि त्यातली रिक्त किती. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते आलं की मला ईमेलवर पाठवा, नाव आणि शाळा झाकून. तिच्या हातात काय आहे आणि काय नाही, ते मी तुम्हाला स्पष्ट लिहून कळवेन. दरम्यान तिनं टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि शिक्षक भरतीसाठीच्या अभियोग्यता चाचणीचा अभ्यास सोडू नये. पवित्र पोर्टलवरून (राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून) येणारी नेमणूक जाहिरातीनं आणि गुणवत्ता यादीनं येते.