लखलखीत दिसतंय म्हणून घेऊ नका

सोन्याचा मुलामा दिलेलं जुनं फ्रेंच ब्राँझचं टेबल घड्याळ नवीन दागिन्यासारखं चमकत असेल, तर आधी शंका घ्या. माझं मत ठाम आहे: मळकट पण हात न लागलेलं घड्याळ घासून चकाचक केलेल्यापेक्षा कितीतरी मोलाचं. मळ काढता येतो, गेलेलं सोनं परत येत नाही.

हे सोनं चढायचं कसं, ते कळलं की घासायला हात धजणार नाही. एक भाग सोनं आणि साधारण आठ भाग पारा यांचा लोण्यासारखा लगदा ओतीव धातूवर पितळी तारांच्या ब्रशने चोपडायचा आणि कोळशाच्या आचेवर धरायचा. पारा वाफ होऊन जातो, सोनं धातूला धरून राहतं. ती वाफ कारागिराच्या छातीत जायची. हात थरथरायचे, दात हलायचे. पॅरिसचा ब्राँझकार रावरियो १८१४ साली वारला, तेव्हा मुलामा देणाऱ्यांना पाऱ्यापासून वाचवणारा उपाय शोधेल त्याच्यासाठी त्याने मृत्युपत्रात ३,००० फ्रँकचं बक्षीस ठेवलं होतं. रसायनज्ञ दार्से याने धूर ओढून घेणारी भट्टी तयार करून ते मिळवलं.

सोनं चढलं की खरी कला सुरू व्हायची. काही भाग अगेटच्या, म्हणजे अकीकच्या, दगडाने घोटून आरशासारखे करायचे, काही मुद्दाम मॅट ठेवायचे. घड्याळावरच्या पुतळ्याचा गाल पिठासारखा मऊ दिसतो आणि पदराची किनार झळकते, ती यामुळे. पॉलिश नेमका हाच फरक पुसून टाकतं. नाक, गुडघे, बोटं, म्हणजे उंचवट्याच्या जागा आधी उघड्या पडतात आणि खालचा धातू दिसू लागतो. चिंच, लिंबू, पितळेची पावडर यातलं काहीही नको. अमोनियाही नको, त्याने पितळेला ताणाच्या जागी तडे जातात.

साफ करायचंच असेल तर मशीन, तबकडी आणि काटे आधी बाहेर काढा. डिस्टिल्ड कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, मऊ ब्रश, कोपऱ्यांसाठी कापसाची काडी. स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच पूर्ण कोरडं करा. खाचेत ओल राहिली तर लोखंडी स्क्रू गंजतात.

घेताना पुतळा उलटा करून आतली बाजू बघाच. पाऱ्याच्या मुलाम्यात सोनं बहुधा दिसणाऱ्या भागापुरतंच असतं. आत ओतकामाचा खडबडीत धातू आणि कडेला ओघळलेले सोनेरी डाग. आतबाहेर एकसारखं पातळ सोनं असेल तर ते विजेने चढवलेलं असण्याची शक्यता जास्त, आणि ते तंत्र १८४० नंतरचं. खालच्या न दिसणाऱ्या कडेवर बारीक ओरखडा पिवळा आला तर ब्राँझ किंवा पितळ, राखाडी आला तर जस्ताचं ओतकाम. लोहचुंबकाने काही कळत नाही, तो दोन्हींना चिकटत नाही.

मशीनच्या पाठीवर खाली '५ ४' असे आकडे दिसले तर ते लंबकाच्या लांबीचे, जुन्या फ्रेंच मापात ५ पूस ४ लीन्य, म्हणजे सुमारे १४४ मिमी. पाठीवरचा क्रमांक लंबकावरच्या क्रमांकाशी जुळतो का तेही बघा. जुळत नसेल तर लंबक बदललेला असू शकतो आणि घड्याळ कदाचित वेळ धरणार नाही.

जुन्या मशीनमध्ये किती टोले पडायचे ते ठरवणारी खाचांची चकती असते. अशा घड्याळाचा मिनिटकाटा मागे फिरवू नका. पुढे नेताना प्रत्येक अर्ध्या आणि पूर्ण तासाला थांबून टोले पूर्ण होऊ द्या. टोले सात आणि काटा चारवर असेल तर तासकाटा हलक्या हाताने सातवर आणा. तो नुसता दाबून बसवलेला असतो. टिक आणि टकमधलं अंतर समान नसेल तर आधी घड्याळाखालची फळी समतल आहे का ते तपासा, मगच लंबकाला ढकलणाऱ्या मागच्या दांडीला हात लावा.

घड्याळ हलवण्याआधी लंबक काढून घ्या. तो लटकत राहिला तर त्याला वर टांगून धरणारी कागदासारखी पातळ पोलादी पट्टी पहिल्या धक्क्यालाच मुडते.