पिसे उपटणारा पोपट हट्टी नसतो, आजारी असतो

गेल्या मे महिन्यात आमच्या राघूने स्वतःच्या छातीवरची पिसे उपटायला सुरुवात केली, तेव्हा घरी येणाऱ्या प्रत्येकाचे निदान एकच होते: फार लाडावला आहे, तुमचे लक्ष वेधून घेतो आहे. ज्या डॉक्टरांकडे आम्ही आधी गेलो, त्यांनीही त्याला नीट न तपासता 'सवय लागली आहे, चोच अंगापर्यंत पोहोचू नये म्हणून गळ्यात कॉलर घाला' असे सांगितले आणि आम्ही ते मुकाट्याने ऐकले. कॉलर घातल्यावर राघू दांडीवरून दोनदा खाली पडला, त्याने दाण्याला तोंड लावले नाही आणि दोन दिवस तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसून राहिला. त्या दोन दिवसांची रुखरुख अजून जात नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

राघू हा आफ्रिकन ग्रे जातीचा, रीतसर नोंदणी केलेला पोपट आहे. रंगाने राखाडी असूनही आईने त्याचे नाव राघूच ठेवले. (आपला हिरवा पोपट घरात पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि त्यामुळे लपवून ठेवलेले कितीतरी मिठू आजारी पडले तरी डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाहीत, हेही मला फार लागते.)

पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांनी आधी त्याचे डोके पाहिले. डोक्यावरची पिसे शाबूत होती. स्वतःच्या डोक्यापर्यंत पोपटाची चोच पोहोचत नाही, त्यामुळे छाती उघडी आणि डोके भरलेले असेल तर पिसे तो स्वतःच उपटतो आहे असे समजते. डोक्यावरचीही गेली असतील, तर चोच आणि पिसांच्या विषाणूजन्य रोगाची किंवा सोबतच्या पक्ष्याने उपटल्याची शंका घ्यावी लागते. त्यानंतर वजन झाले. एरवी ४३० ग्रॅम भरणारा राघू ३७५ ग्रॅमवर आला होता, आणि दाट पिसांमुळे आम्हाला ते दिसलेही नव्हते. पक्षी आजार लपवतो, कारण रानात अशक्त दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. रक्ताची तपासणी आणि एक्स-रे झाल्यावर त्याच्या वायुकोशांत (फुफ्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांत) अ‍ॅस्परजिलस या बुरशीचा संसर्ग असल्याचे निष्पन्न झाले.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, 'पिंजरा कूलरसमोर असतो का?' नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात त्याला गारवा मिळावा म्हणून आम्हीच तो तेथे हलवला होता, आणि कूलरमधली खस मागच्या वर्षीचीच, कुबट वासाची होती. ओल्या, कुजक्या गवतावर ही बुरशी वाढते आणि तिचे बीजाणू हवेबरोबर थेट श्वासात जातात. संसर्ग नेमका तेथूनच झाला असे सिद्ध करता येणार नाही, पण खस त्याच दिवशी काढून टाकली.

मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते उपचारांबद्दल. बुरशीवरचे नेहमीचे औषध, इट्राकोनाझोल, या जातीला सहसा सोसत नाही, म्हणून व्होरिकोनाझोल सुरू झाले. दिवसातून दोनदा तोंडावाटे औषध आणि शिवाय नेब्युलायझरची वाफ. पहिला आठवडा आम्ही त्याला टॉवेलमध्ये धरून औषध पाजले. सोडल्यावर तो दांडीच्या टोकाला जाई आणि थोड्या वेळाने 'टक्' असा बारीक आवाज येई; नवे फुटणारे, अजून रक्त भरलेले पीस त्याने मुळातून ओढलेले असे आणि त्याच वेळी तो स्वतःच कळवळून ओरडत असे. आजाराने सुरू झालेली गोष्ट आमच्या धरपकडीने वाढत होती.

त्यानंतर आईने औषध हाती घेतले. तिने रिकाम्या सिरिंजमधून आधी नुसता संत्र्याचा रस दिला, तीन दिवस फक्त रसच. चौथ्या दिवशी डॉक्टरांना विचारून औषधानंतर लगेच रस, असे सुरू केले, आणि राघू सिरिंज पाहून आपण होऊन पुढे येऊ लागला. टॉवेल कपाटात गेला. औषध लिहून देणाऱ्या प्रत्येकाने ते पक्ष्याला न घाबरवता कसे द्यायचे, हे घरच्या माणसांना दहा मिनिटे खर्चून शिकवलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ते शिकवणे हा उपचाराचाच भाग आहे. कॉलर कायम निषिद्ध आहे असे मी म्हणत नाही, कातडी फाडून जखम करणाऱ्या पक्ष्याचा तिने जीव वाचतो. पण कारण न शोधता घातलेली कॉलर दुखणाऱ्या जीवाचे फक्त हात बांधते.

दिवाळीपर्यंत वजन ४२० ग्रॅमवर आले आणि छातीवर राखाडी लव भरली. डाव्या पंखाखालची रुपयाएवढी जागा मात्र उघडीच आहे. वारंवार उपटल्याने तेथील मुळे दुखावली आहेत. पाहुण्यांपैकी कोणी तिकडे बोट दाखवून 'ही खोड अजून गेली नाही का हो?' असे विचारले, की आई हातातले काम थांबवून सांगते, 'खोड नव्हती ती. तो आजारी होता.'