दोन बोटं बाकी

वर्तमानपत्र उघडलं की रोज कोणी ना कोणी कात टाकलेली असते. कधी एखाद्या महामंडळाने, कधी एखाद्या बसस्थानकाने. आमच्या घरात मात्र ज्याचा हा वडिलोपार्जित धंदा आहे, त्यालाच ती टाकता येईना.

हा म्हणजे बिट्ट्या. जातीने लेपर्ड गेको. 'बिबट्या पाल' असं सरळ मराठीत सांगितलं तर पाहुणे सोफ्यावर पाय वर घेऊन बसतात, म्हणून आम्ही इंग्रजीचा आडोसा घेतो. पिवळ्या अंगावर काळे ठिपके आणि चरबी साठवून टम्म झालेली शेपूट. पंजांना चिकट गाद्या नाहीत, साध्या नख्या. त्यामुळे तो राहतो त्या पेटीच्या काचेवर चढणं त्याच्या नशिबात नाही. "भिंतीवर चढत नाही? मग पाल कसली ती!" असं म्हणून आईने त्याला पहिल्याच दिवशी नापास केलं होतं. शिवाय बहुतेक गेकोंना नसतात त्या पापण्या याला आहेत. म्हणजे मी समोर दिसलो की तो डोळे मिटून घेऊ शकतो. घेतोही.

एरवी त्याचं कात टाकणं आम्हाला कळतही नाही. दर महिना-दीड महिन्याने रंग उडतो, अंगावर कुणी ट्रेसिंग पेपर गुंडाळल्यासारखा पांढुरका होतो. मग रात्री कधीतरी डोक्यावरून स्वेटर ओढावा तशी ती कात तोंडाने ओढून काढतो आणि काढता काढता खाऊन टाकतो. धुणं नाही, वाळत घालणं नाही, घड्या नाहीत. आमच्या चिरंजीवांच्या खोलीकडे पाहिलं की या पद्धतीबद्दल मला फार आदर वाटतो.

पण त्या दिवशी सकाळी अंग लख्ख पिवळं आणि बोटांवर मात्र पांढऱ्या टोप्या! मनात शंकेची पाल चुकचुकली. समोरची खरी पाल ढिम्म. मी बोटं मोजायला बसलो. चार पाय, प्रत्येकी पाच, एकूण २०. इतकं सोपं गणित, पण गणितच चालायला लागलं की अवघड होतं. पहिल्यांदा १८ भरली, दुसऱ्यांदा २३. शेवटी बायकोने फोटो काढला आणि त्यावरून हिशेब लागला: पुढच्या उजव्या पायाची तीन बोटं, मागच्या डाव्याची दोन, आणि शेपटीचं टोक.

यात घाबरण्यासारखं काय, असं आईने विचारलं. घाबरण्यासारखं असं की राहिलेली कात वाळते, आकसते आणि बोटाला दोरा करकचून बांधल्यासारखी आवळते. रक्त पोचत नाही. बोट काळं पडतं आणि शेवटी गळून जातं. शेपूट तुटली तर नवी येते, जरा बेढब, पण येते. बोट गेलं की गेलं.

डॉक्टरांना फोन लावला. "ओलसर बीळ ठेवलंय ना?" म्हणाले.

"ठेवलंय की."

"ओलसर आहे का ते?"

मी बिळात बोट घातलं. आतलं शेवाळ जुन्या खराट्यासारखं करकरलं. चार दिवस मी बाहेरगावी होतो. जाताना मुलाला बजावलं होतं, "बिट्ट्याच्या बिळाकडे बघ." त्याने रोज बघितलं होतं. "आणि बाबा, तो कोरड्या प्रदेशातला ना? अफगाणिस्तान, पाकिस्तानकडचा?" खरं आहे. पण तिथेही तो दिवसभर दगडांच्या कपारीत आणि बिळात दडलेला असतो, आणि आत दमटपणा असतो, त्यानेच कात सैल होते. एवढं ज्ञान मला होतं. शेवाळावर पाणी मारायचं तेवढं राहिलं होतं.

"कोरडी कात ओढायची नाही, चिमटा तर लावायचाच नाही," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांवर राहिली असेल तर हात न लावता माझ्याकडे आणा. बोटं आधी भिजवा."

डोळे साफ होते. तेव्हा स्नान. झाकणाला भोकं पाडलेला डबा, तळाशी कोमट पाणी, साधारण ३० अंश, पोटाच्या वर जाणार नाही इतकंच. घरातला तापाचा थर्मामीटर ३५च्या खाली तोंडच उघडत नाही, म्हणून बिट्ट्याच्या पेटीतला काढून आणला. १५ मिनिटं बसवायचं होतं. तिसऱ्या मिनिटाला बिट्ट्याने त्या पाण्यात जे करायचं ते केलं. पाणी बदललं, घड्याळ पुन्हा शून्यावर.

मग इअरबड. ओला करून बोटाच्या मुळाकडून नखाकडे अलगद फिरवायचा. हे बोट उदबत्तीच्या काडीएवढं, त्यावरची कात कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, आणि माझ्या चष्म्यावर वाफ.

"अगं, टॉर्च जरा खाली धर."

"टॉर्च धरू की तुझा हात? थरथरतोय तो."

एक टोपी सुटली आणि खाली आणखी एक टोपी निघाली. म्हणजे मागच्या महिन्याचीही बाकी होती! मी बायकोकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात बिट्ट्याची शेपूट संथपणे डावी-उजवीकडे हलू लागली. "खूश दिसतोय," बायको म्हणाली. कुत्र्याच्या बाबतीत बरोबर आहे ते. गेकोच्या बाबतीत ती शेवटची नोटीस असते. मी हे सांगेपर्यंत त्याने माझा अंगठा धरला. चावा मुळीच लागला नाही, तरी मी किंचाळलो. माझं ऐकून तोही किंचाळला. आई आतून धावत आली आणि तिने आधी त्याची चौकशी केली.

त्या संध्याकाळी तीन बोटं आणि शेपटीचं टोक सुटलं. दोन बोटं बाकी. शेवाळ पिळून ओलं केलं, बीळ उबदार बाजूला सरकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर एका बोटाची टोपी त्याची त्यानेच काढलेली.

तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा डबा, पुन्हा पाणी, पुन्हा पाणी बदलणं. इअरबड दोनदा फिरवला आणि शेवटची टोपी अख्खी निघाली. फाटलेली नाही, सुरकुतलेली नाही. नखाच्या आकारासकट एका बोटाचा पारदर्शक हातमोजा! तो मी तळहातावर ठेवला, दुसऱ्या हातावर बिट्ट्याला घेतलं आणि सगळ्यांना हाका मारल्या. आई चष्मा शोधत आली, बायको हात पुसत आली, मुलगा कानातले इअरफोन न काढता आला.

"कुठाय?"

"खाल्लं."

"कोणी?"