कर्णाला प्रतीक करताना आपण राधेला विसरतो

अकरावी-बारावीला मी काकूकडे राहून शिकत होतो. तेव्हा लायब्ररीतून शिवाजी सावंतांचं कर्णावरचं 'मृत्युंजय' आणलं आणि चार रात्रीत संपवलं, आणि मराठी घरातल्या हजारो पोरांचं झालं तेच माझंही झालं, म्हणजे कर्ण म्हणजे मीच. मार्क असून डावललेला, कुणीतरी जात विचारून गप्प बसवलेला, तो प्रत्येक जण कर्ण. १९६७ मध्ये आलेली ती कादंबरी आजही पोरं त्याच वेडानं वाचतात आणि मला त्यात काहीच चूक वाटत नाही. देव आणि वीर आपल्याला थेट कळतच नाहीत, आपल्यासारखं दुखणारं कुणीतरी मधे लागतं. कर्ण ते काम करतो.

पण मग आपण एक करतो. प्रतीक चकचकीत राहावं म्हणून माणसाचे डाग पुसतो. द्यूतसभेत द्रौपदीला 'बंधकी' म्हणणारा, म्हणजे सरळ वेश्या म्हणणारा कर्णच आहे. पांडवांची आणि तिची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगणाराही तोच. उलट स्वयंवरात द्रौपदी 'मी सूताला', म्हणजे सारथ्याच्या पोराला, 'वरणार नाही' म्हणते, जे आपण सगळे शपथेवर सांगतो, ते पुण्याच्या भांडारकर संस्थेनं जुन्या हस्तलिखितांवरून ठरवलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या मुख्य पाठात नाहीये. हे कळलं तेव्हा मला खरंच राग आला होता, माझा कर्ण कुणीतरी हिसकावून घेतोय असं वाटलं.

नंतर महाभारतातलं उद्योगपर्व वाचलं आणि कर्ण परत मिळाला, आधीपेक्षा मोठा. शिष्टाई फसल्यावर कृष्ण त्याला स्वतःच्या रथात घेतो, तू कुंतीचा थोरला आहेस, चल, राज्य तुझं, असं सांगतो. आणि कर्ण काय म्हणतो? की सारथी अधिरथानं मला घरी आणलं तेव्हा मायेनं त्याच्या बायकोला, राधेला, पान्हा फुटला, माझं हगणंमुतणं तिनं काढलं, तिचा पिंड मी कसा तोडू. राज्य नाकारायला एवढ्या मोठ्या वीराचं पहिलं कारण हे आहे! मग तो स्वतःच कबूल करतो की दुर्योधनाला खूश करायला मी पांडवांना जे कडवट बोललो त्याचा आज मला पश्चात्ताप होतोय. आणि मी कुंतीचा थोरला आहे हे युधिष्ठिराला सांगू नकोस, नाहीतर तो राज्य घेणार नाही, असंही बजावतो. शेवटी कृष्णाला घट्ट मिठी मारून रथातून उतरतो.

आणि कृष्ण? मला देव खऱ्या अर्थानं कळला तो इथे, विश्वरूपात नाही. समोरचा नाही म्हणाला तर त्याला उतरू देणारा. हे कृष्णाकडे बघून कळलं नसतं, कर्णाच्या बाजूनं उभं राहिलो म्हणून कळलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की कर्ण प्रतीक म्हणून हवाच, पण अख्खा हवा, सभेतल्या त्या शब्दासकट. जो चुकलाच नाही त्याचा पश्चात्ताप कसला? आणि फक्त अन्यायाचं प्रतीक केलं की अधिरथ आणि राधा गायब होतात, जणू सूताच्या घरी वाढणं ही नुसती शिक्षाच होती. त्याला स्वतःला तसं वाटत नव्हतं, तो राधेय नाव मिरवत होता.

बारावीत मला कावीळ झाली होती तेव्हा काकू रात्रभर उशाशी बसायची, उलटीचं घमेलं स्वतः धुवायची, आणि मी पलीकडे तोंड करून 'मृत्युंजय' दुसऱ्यांदा वाचत होतो, माझ्यावर किती अन्याय झालाय ते शोधत. राधा तिथेच बसली होती, मला दिसली नाही.

यंदा तिला उद्योगपर्वातला तो भाग मोठ्यानं वाचून दाखवला. पान्ह्याच्या ओळीला तिनं हात धरला आणि म्हणाली, परत वाच.